पाकळ्यांच्या समोरचं घर

मार्च लागला तशी रूपाच्या मिरचीच्या रोपांची पानं कडेनं तपकिरी पडायला लागली. आधी तिला वाटलं, औषध जास्त झालं. मग वाटलं, पाणी कमी पडलं. तिनं दुपारचं एक पाणी वाढवलं, तर दुसऱ्या दिवशी अख्खी ओळ माना टाकून पडलेली. वर हिरवी जाळी होती. जाळीला कुठं भोक नव्हतं. उन्हं कलल्यावर ती ट्रे उचलायला वाकली आणि पाठीला तवा टेकवावा तसं भाजलं. ती गर्रकन वळली. सूर्य पश्चिमेला होता आणि चटका पूर्वेकडून येत होता.

पूर्वेला अच्युतरावांचं नवं नर्सिंग कॉलेज होतं.

नौबादच्या पुढं, भालकीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून रूपाचं घर. सासरा काशाप्पा मेंढरं पाळायचा. रानांचे प्लॉट पडले, चराई संपली, तशी त्यानं मेंढरं विकली आणि पुढं तोही गेला. नवरा मल्लेश पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर गेला, तो सणाला तेवढा यायचा. घरात उरल्या रूपा आणि सासू सुभद्राबाई. रूपा माहेरी औरादला असताना एका रोपवाटिकेत कामाला जात होती. तेच काम तिनं इथं मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात सुरू केलं. मिरची, वांगी, टमाटे, कोबी. औरादचे, भालकीचे शेतकरी तिच्याकडून रोपं न्यायला लागले होते.

अच्युतराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. बायको मालतीबाई वारल्यावर त्यांनी तिच्या नावानं हे कॉलेज बांधलं, बरोबर रूपाच्या जागेच्या मागं. कॉलेजला यायचा रस्ता बाजूच्या बोळातून होता. भालकी रोडवरून पाहिलं की पुढं आधी रूपाचं बुटकं घर दिसायचं, वाळत घातलेली लुगडी दिसायची आणि त्याच्यावर कॉलेज. ती जागा मागायला अच्युतरावांनी माणसं पाठवली होती, स्वतःही येऊन गेले होते. जागा सुभद्राबाईच्या नावावर होती. तिनं दर वेळी एकच सांगितलं, "विकायचं आसंल तर मी मेल्यावर."

कॉलेजची पश्चिमेची बाजू म्हणजे बिदरमध्ये कोणी पाहिली नव्हती अशी गोष्ट होती. भिंतीवर वरपासून खालपर्यंत अॅल्युमिनियमच्या चकचकीत पाकळ्या. ऊन आलं की पाकळ्या आपोआप कलायच्या आणि खिडक्यांवर सावली धरायच्या, ऊन गेलं की मिटून भिंतीला चिकटायच्या. रस्त्यावरचे लोक मोटारसायकली थांबवून बघायचे. हे सगळं अच्युतरावांच्या मुलानं, नीलेशनं केलं होतं. तो बंगळूरला आर्किटेक्ट होता, मधली दोन वर्षं परदेशी शिकून आला होता.

रूपा करपलेला ट्रे दाखवायला आधी अच्युतरावांकडंच गेली.

"राव, तुमच्या बिल्डिंगीचं ऊन माझ्या रोपांवर पडायलंय."

"ऊन देवाचं असतं, रूपा. माझं कसं असेल?"

"देवाचं वरून येतंय. हे आडवं यायलंय."

अच्युतरावांनी चष्मा काढून पुसला. "सासूला समजाव. रोपंच लावायचीत ना? मग औरादला माहेरी जागा बघ आणि लाव की खुशाल. रस्त्याच्या कडेला कामून धूळ खात बसलीस?"

ती ट्रे तिथंच टेबलावर ठेवून निघाली. शिपायानं तो तिच्या मागोमाग आणून फाटकाबाहेर टाकला.

त्या आठवड्यात नीलेश गावी आला होता. गुलबर्ग्याहून आर्किटेक्चरच्या मुली बिल्डिंग बघायला येणार होत्या. त्या आल्या तेव्हा कॉलेजच्या अंगणात उभं करून तो त्यांना समजावत होता. ही पाकळी मी एकेक करून काढलेली नाही, मी फक्त नातं ठरवलं. सूर्य कुठं आहे, खोली किती तापली, वारा किती, यावर पाकळीनं किती वाकायचं. कॉम्प्युटरमध्ये एक आकडा बदलला की बाकीच्या सगळ्या पाकळ्या आपापला आकार बदलतात. म्हणून दोन पाकळ्या कुठंच सारख्या नाहीत. मुली माना वर करून बघत होत्या.

रूपा बोळातून आत आली. डोक्यावर एकावर एक ठेवलेले ट्रे होते. ते तिनं मुलींच्या पायाशी मांडले. सगळी रोपं वाळून काळी झालेली.

"याचं पण सांगा की पोरींना," ती म्हणाली. "ह्यो आकडा कुठला?"

एक मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली. नीलेशचा चेहरा लाल झाला. "तुम्ही कोण? मध्येच काय हे?"

"मी समोरची. तुमच्या उन्हाची."

मुलींना चहाला पाठवून तो तणतणत तिच्या मागं गेला. रस्ताभर सांगत होता की असं होऊच शकत नाही, बाराही महिन्यांचा सूर्य आपण तपासलाय. रूपानं त्याला जाळीखाली नेलं आणि ट्रेच्या ओळीत उभं केलं. नीलेशनं वर पाहिलं आणि डोळ्यांवर हात धरला. खालच्या ओळींतल्या पाकळ्या पळीसारख्या खोलगट होत्या. त्यांनी ऊन गोळा केलं होतं आणि जाळीच्या खालून, आडवं, इथं आणून ओतलं होतं. थोड्या वेळात त्याच्या शर्टाचं बटण बोट लावायला नको इतकं तापलं.

"चितर काढताना आमचं घर कुठं काढलं होतं तुमी?" रूपानं विचारलं.

नीलेशनं रुमाल काढून कपाळ पुसलं.

"काढलं होतं का न्हाई?"

"नाही. बाबा म्हणाले होते, ही जागा आपलीच होणार आहे."

"मग हितं काय काढलं होतं?"

"तळं," तो म्हणाला. "पाण्यावर उजेड खेळेल, असं."

दारात बसलेली सुभद्राबाई एवढा वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "आगं, बुडवून ठेवलंय की आपल्याला आधीच."

नीलेशनं दोन दिवस कॉलेजात बसून खालच्या ओळी दुपारनंतर मिटलेल्याच राहतील अशी व्यवस्था केली. कॉलेजचा इलेक्ट्रिशियन भीमण्णा, जो ही यंत्रणा सांभाळायचा, त्याला बजावलं की याला हात लावायचा नाही. रूपाला येऊन सांगितलं, "आता होणार नाही." आणि तो बंगळूरला गेला.

खरंच ऊन थांबलं. रूपानं नवं बी टाकलं.

पाडव्याला मल्लेश आला. बी उगवून दोन पानांवर आलं होतं. तो आला त्याच दुपारी चटका परत सुरू झाला. आधी होता त्याहून जास्त. आता तो नुसता जाळीखाली नव्हता, घराच्या मागच्या दारातून आत चुलीपर्यंत पोचायला लागला. सुभद्राबाई कपाळावर पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसली.

"गोड बोलून गेलं मेलं," रूपा म्हणाली. "बापासारखंच हाय."

मल्लेश बाजेवर पडून होता. "विकून टाक की. पुण्यात मी खोली घेतो. पोटापुरतं तिथं बी मिळतंय."

"जागा आत्याची हाय," रूपा सासूकडं बघत म्हणाली.

"तू बोललीस तर आई ऐकतीय. तुलाच जायचं न्हाई." तो उठून बसला. "मी तिथं लोकांच्या बिल्डिंगी उभ्या करायलोय, अन् तू हितं एका बिल्डिंगीशी भांडायलीस. येडी हायस का?"

"मग जावा की. तुमाला कोण धरलंय?"

"आन् तुझी ही रोपं नसती," सुभद्राबाई भिंतीकडं बघतच म्हणाली, "तर मला बी त्रास नव्हता. दार लावून आत बसले असते. तुम्ही दोघं बी भांडून घ्या एकदाचं."

मल्लेश जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची उदगीरची गाडी धरून निघून गेला.

रूपानं मग घरावर घालायला आणलेले नवे पत्रे काढले. बांबू रोवले, त्यांना तारेनं पत्रे बांधले आणि कॉलेजच्या बाजूला आडोसा उभा केला. ऊन अडवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दुपारी पाकळ्या कलल्या, ऊन पत्र्यावर आपटलं आणि जिथून आलं होतं तिथंच परत गेलं.

मग जे झालं ते तिला आधी कळलंच नाही. पाकळ्यांखाली उजेड मोजणारे डोळे बसवलेले होते. पत्र्याचं ऊन खालून त्यांच्यावर पडलं, त्यांचा हिशेब उलटा झाला आणि पाकळ्या बिचकल्यासारख्या मिटल्या. मिटल्या म्हणून पत्र्यावर ऊन येईना. ऊन येईना म्हणून त्या पुन्हा कलल्या. कलल्या की परत पत्रा चमकला, परत मिटल्या. सगळी भिंत खडखड करत उघडझाप करायला लागली. रस्त्यावर एसटी थांबली, लोक खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागले. वर्गातल्या पोरी किंचाळत बाहेर आल्या. शेवटी कुठंतरी जळका वास सुटला आणि एका बाजूच्या पाकळ्या अर्ध्यावर लटकून राहिल्या.

रूपा कंबरेवर हात ठेवून बघत उभी होती. तिला हसू आलं. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच हसली. दुसऱ्या दिवशी तिनं उरलेले पत्रेही बांधले, आणि या वेळी तिला नेमकं काय हवं होतं ते तिला ठाऊक होतं. पत्रे जरा मागं झुकवून, घासून पुसून लावले.

अच्युतरावांनी पोलीस पाठवला. हवालदार घामानं भिजलेला होता. "क्या अम्मा, पत्रे निकालो. साबकी मशीन खराब हो रई."

"साबकू बोलो, पहले अपना उजाला निकाल लेव."

हवालदारानं वर बघितलं, डोळे चोळले, पाणी मागून प्यायला आणि गेला. जाताना म्हणाला की परत आलो तर काढावेच लागतील.

नीलेशला बापाचा फोन गेला होता. तो बसमधून उतरून थेट रूपाच्या दारात आला. बॅग खांद्यालाच होती.

"तुम्हाला कल्पना आहे का काय केलंय तुम्ही? पाकळ्या हलवायच्या मोटारी जळाल्यात. पुढच्या आठवड्यात फोटो काढायला माणसं येणार होती मुंबईहून!"

"लई बरं झालं."

"मी तुमच्यासाठी सगळं बंद करून गेलो होतो!"

"बंद?" रूपा त्याच्या अंगावर गेली. "लाज वाटत न्हाई खोटं बोलायला? हात लावून बघा त्या मागच्या दाराला. दार तापायलंय माझं! तुमी जाऊन दोन आठवडे न्हाई झाले, परत सोडलंत. आधीपेक्षा जास्त सोडलंत!"

रस्त्यावर माणसं जमली. नीलेशनं मागं जाऊन दाराच्या कडीला हात लावला आणि मागं घेतला. मग मान वर करून त्यानं बराच वेळ आपली भिंत पाहिली. खालच्या ओळी, ज्या मिटलेल्या असायला हव्या होत्या, त्या सगळ्या रूपाच्या घराकडं वाकून उभ्या होत्या.

तो कॉलेजात गेला. भीमण्णाला विचारलं. भीमण्णानं नजर चुकवली नाही. "मोठ्या साहेबांनी सांगितलं. तुमी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी. म्हणाले, होतं तसं कर. केलं. मग म्हणाले, अजून जरा खाली घे. घेतलं. माझी नोकरी हाय ना अण्णा."

अच्युतराव वरच्या खोलीत पेपर वाचत होते.

"तुम्ही मुद्दाम केलंत?" नीलेशनं विचारलं.

"खालच्या वर्गात पोरी उकडून निघत होत्या."

"त्यासाठी पाकळ्या अजून खाली घ्यायची गरज नव्हती."

अच्युतरावांनी पेपर घडी करून ठेवला. "तू बिल्डिंग काढलीस. चालवायची मला आहे. त्या बाईचा नवरा विकायला तयार आहे. सासू आज ना उद्या तयार होईल. कोणाला हात लावला मी? घर पाडलं? पाणी तोडलं? ऊन आहे ते."

"बाबा, त्या घरात माणसं आहेत."

"तू काढलं होतंस का त्यांना?"

नीलेश खाली आला, भीमण्णाकडून पाना मागून घेतला आणि शिडी लावली. भीमण्णा शिडी धरायला आला नाही, लांब जाऊन उभा राहिला. खालच्या ओळींतल्या एकेका पाकळीचा दांडा तो मोटारीपासून सोडवत गेला. दांडा सुटला की पाकळी सैल होऊन लोंबायची आणि वाऱ्यानं भिंतीवर आपटायची. दुपार गेली, संध्याकाळ झाली. वर्गातल्या पोरी गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. अच्युतराव खाली येऊन ओरडत होते, "आईचं नाव आहे त्या भिंतीवर! तिच्या तोंडाला काळं फासायलास! उतर! उतर म्हणतो ना!"

शेवटची ओळ सुटल्यावरच तो उतरला. हात रक्ताळले होते.

"इथं परत पाय ठेवायचा नाही," अच्युतराव म्हणाले.

"ठेवणार नाही."

बॅग घेऊन तो रस्त्याला आला. रूपा पत्र्यांपाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"काढलं," नीलेश म्हणाला.

"बघितलं. उद्या माझ्याबरोबर नगरसभेत या. अर्ज देणार हाय मी. तिथं सांगा, तुमच्या बापानं जाणून केलं म्हणून."

नीलेशनं मान हलवली. "आता कशाला? मी सोडवलंय सगळं."

"तुमी गेल्यावर परत जोडतील की. मागच्या बारीला काय झालं?"

"ते माझे वडील आहेत."

"ते मला ठाऊक हाय. आता तुमी सांगणार का न्हाई?"

त्यानं बॅग खांद्यावर चढवली. बस येत होती. "मला ते जमणार नाही," तो म्हणाला. "वाटल्यास माफी मागतो."

"माफी कुठं ठिवू? चुलीवर?" रूपा म्हणाली. "जावा. बस चुकंल तुमची."

नगरसभेत रूपा एकटीच गेली. जूनमध्ये एक अधिकारी पाहणीला आला. तोवर आभाळ भरून आलं होतं आणि खालच्या पाकळ्या लोंबतच होत्या. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. धुराचा नियम होता, सांडपाण्याचा होता, आवाजाचा होता. तो कागद मिटत कानडीत म्हणाला, "बेळकिगे कानूनु इल्ल अम्मा." उजेडाला कायदा नाही. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, आणि रूपाला त्याचाच जास्त राग आला.

दिवाळीच्या आधी हैदराबादहून मिस्त्री आले आणि त्यांनी सगळे दांडे परत जोडले. उजेड मोजणारे डोळेही त्यांनी उचलून पार वर, गच्चीच्या कठड्याला नेऊन बसवले. आता पत्र्याचा काही उपयोग उरला नाही. पुन्हा पाकळ्या कलल्या, पुन्हा पत्र्यांच्या वरून, दारातून चुलीपर्यंत चटका आला. थंडीच्या दिवसांतसुद्धा कोबीची रोपं करपली. मल्लेशचा फोन आला की तो एकच विचारायचा, "ठरलं का?" रूपा फोन सासूकडं द्यायची आणि सुभद्राबाई लाल बटण दाबायची.

नगरसभेतल्याच एका कारकुनानं रूपाला जाता जाता सांगितलं होतं की कंपाउंडच्या भिंतीला उंचीची मर्यादा असते, पण शेडची भिंत वेगळी. रूपाचा भाऊ योगीराज औरादहून ट्रॅक्टर घेऊन आला आणि खाणीवरून तांबडा दगड आणून टाकू लागला. बिदरचा तो भोकाभोकांचा दगड, करवतीनं कापलेला. हद्दीपासून हातभर आत सोडून रूपानं शेडची भिंत म्हणून पाया काढला.

भिंत डोक्याच्या वर गेली तेव्हा अच्युतराव चालत आले. बोळातून नव्हे, भालकी रोडवरून. दम लागला होता. रूपा दगड उचलून मिस्त्रीच्या हातात देत होती.

"किती उंच नेणार आहेस?"

"तुमच्या पाकळ्या रस्त्यावरून दिसायच्या बंद होईस्तोर."

अच्युतराव काठीवर वाकून उभे राहिले. "तुझ्या रोपांना सकाळचं ऊन मिळणार नाही. माझी बिल्डिंग निम्मं खाते, उरलेलं ही भिंत खाईल. एवढं तरी कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय? तुमाला बी काय मिळणार न्हाई." तिनं पुढचा दगड उचलला. "सरका. पायावर पडंल."

ते सरकले. काठी टेकत आल्या वाटेनं गेले. त्यांनी वकिलामार्फत भिंतीविरुद्ध तक्रार केली, ती तशीच पडून राहिली. भिंत पुरी झाली. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला आता तांबड्या दगडाच्या वर पाकळ्यांच्या दोन-तीन ओळी तेवढ्या दिसायच्या आणि मोटारसायकल कोणी थांबवत नसे. नीलेश बापाकडं आला नाही. बंगळूरच्या ऑफिसात त्यानं पुढं जी कामं केली त्यात बिदरच्या कॉलेजचं चित्र तो दाखवत नसे, असं भीमण्णा कोणाकडून तरी ऐकून आला आणि रूपाला सांगून गेला. रूपानं विचारलं नव्हतं.

अच्युतराव म्हणाले होते तसंच झालं. दुपारचा चटका थांबला, पण सकाळचं ऊनही थांबलं. रोपं उजेडाच्या शोधात लांब वाढू लागली, पांढरट, काडीसारखी, हातात घेतली की मोडायची. औरादचे दोन शेतकरी रोपं न घेताच परत गेले. मग रूपानं वाडा मोकळा केला आणि सगळे ट्रे उचलून घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला मांडले. तिथं ऊन होतं, पण भालकीकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर दिवसभर धूळ उडवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मल्लेश आला तेव्हा दोघी सासू-सुना रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. सुभद्राबाई ओल्या फडक्यानं वांग्याच्या रोपांची पानं एकेक करून पुसत होती आणि रूपा गिऱ्हाइकाला मिरची मोजून देत होती. मल्लेशनं भिंत पाहिली, हात लावून पाहिला.

"ही कधी बांधली?"

"झाले की दिवस," सुभद्राबाई म्हणाली. "बस. ते फडकं घे एक."

त्यानं पिशवी खाली ठेवली. फडकं घ्यावं की नाही हे त्याचं ठरेना. रूपानं त्याच्याकडं पाहिलं नाही. गिऱ्हाइकानं अजून दहा रोपं मागितली होती, ती ती मोजत राहिली.